टू आणि क्रियापद यांच्या मधली जागा

परवा माझ्या अहवालातल्या एका वाक्यावर लाल गोल पडून कागद परत आला. वाक्य होतं: 'वुई एक्स्पेक्ट द डिमांड टू मोअर दॅन डबल.' समासात शेरा: 'स्प्लिट इन्फिनिटिव्ह. सुधारा.' म्हणजे टू आणि त्याचं क्रियापद यांच्या मध्ये (इथे टू आणि डबलच्या मध्ये) दुसरे शब्द घुसलेत. बरं, शेऱ्याचं एवढं काही नाही. खरा ताप दिला तो समोर बसलेल्या एका गृहस्थांनी. ते स्वतःचा अर्ज घेऊन आले होते आणि माझ्या कागदाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण इंग्रजी व्याकरणाचा विषय निघाला की काही माणसांना गप्प बसवतच नाही.

"बरोबर गोल केलाय," ते म्हणाले. "टू आणि क्रियापद म्हणजे नवरा-बायको. मध्ये तिसऱ्याने शिरायचं नाही."

"मग हे मोअर दॅन कुठे ठेवू?"

"टूच्या आधी."

मी वाचून दाखवलं: 'वुई एक्स्पेक्ट द डिमांड मोअर दॅन टू डबल.' त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "अजून मागे घ्या."

'वुई एक्स्पेक्ट मोअर दॅन द डिमांड टू डबल.' आता मागणी तर दुप्पट होणारच, शिवाय आणखीही कशाकशाची दुप्पट होणार, असा अर्थ झाला. "मग शेवटी न्या," गृहस्थ म्हणाले. 'टू डबल मोअर दॅन.' कशापेक्षा मोअर, हे सांगायला पुढे कुणी उरलंच नव्हतं.

"वाक्यच बदला हो! टू इन्क्रीज बाय मोअर दॅन हंड्रेड परसेंट!"

चार शब्दांच्या जागी सात आले. त्यात हंड्रेडच्या आधीचा 'अ' घाईत गळाला, त्याबद्दल गृहस्थांना काही वाटलं नाही. माझी नजर त्यांच्या हातातल्या अर्जावर गेली. पहिलीच ओळ: 'आय रिक्वेस्ट यू टू काइंडली सँक्शन...' मी त्या काइंडलीवर बोट ठेवलं.

"ते वेगळं," ते म्हणाले. "ती विनंती आहे."

यावर काय बोलणार?

हा नियम आला कुठून? चौदाव्या शतकात इंग्रज धर्मसुधारक जॉन विक्लिफ टू आणि क्रियापदाच्या मध्ये बिनधास्त शब्द घालत होता. 1864 साली कँटरबरीचे डीन हेन्री ॲल्फर्ड यांनी लिहिलं की इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांना ही पद्धत मुळी ठाऊकच नाही. गंमत म्हणजे एका माणसाने ही पद्धत आपण वापरतो आणि ती योग्यच आहे, असं त्यांना कळवलं होतं. हे उत्तर त्यालाच होतं. कुणी करतच नसेल तर मनाई कशाला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. लॅटिनमध्ये इन्फिनिटिव्ह हे रूप एकाच शब्दाचं असतं, म्हणून इंग्रजीतही फोडू नये, हा युक्तिवाद तर त्याहून थोर. लॅटिनमध्ये फोडायला जागाच नाही. इंग्रजीत दोन शब्दांच्या मध्ये चांगली ऐसपैस जागा आहे.

जागा आहे म्हणून वाटेल ते कोंबावं असंही नाही. क्रियाविशेषण कुठे ठेवायचं हे एका प्रश्नावर ठरतं: ते कोणत्या क्रियापदाचं आहे? 'शी डिसाइडेड ग्रॅज्युअली टू सेल द बुक्स.' हळूहळू काय झालं, निर्णय की विक्री? दोन क्रियापदांच्या मध्ये उभा राहिलेला शब्द दोघांचाही होऊ शकतो. मग तो शेवटी न्यावा: 'टू सेल द बुक्स ग्रॅज्युअली.' छान. पण कर्म लांबलं की घोळ झालाच: 'टू सेल द बुक्स हर फादर हॅड लेफ्ट हर ग्रॅज्युअली.' आता वडीलच हळूहळू तिला सोडून गेले. अशा वेळी 'टू ग्रॅज्युअली सेल' हीच एक बिनधोक जागा. उलट कर्म छोटं असेल तर 'टू रीड द लेटर केअरफुली' सरळ आहे, तिथे फोडाफोडीचं कारण नाही. 'नॉट' बहुतेकदा टूच्या आधीच बरा दिसतो. आणि टूनंतर पाच-सहा शब्दांचा तुकडा घातलात, तर क्रियापद येईपर्यंत वाचणारा टू विसरलेला असतो.

सगळ्यात वैताग येतो तो न फुटलेलं जोडायला धावणाऱ्यांचा. 'टू बी बॅडली हर्ट' यात टू आणि बी शेजारी शेजारी सुखाने नांदतायत. काही फुटलेलं नाही. तरी घाबरलेला माणूस 'बॅडली टू बी हर्ट' असं लिहून मोकळा होतो. इंग्रजी भाषावापराचा प्रसिद्ध कोश लिहिणारे फाउलर यांनी 1926 साली इंग्रजी बोलणाऱ्या जगाचे या विषयावर पाच गट पाडले. त्यातला दुसरा गट म्हणजे ज्यांना हे प्रकरण काय आहे ते माहीत नाही, पण काळजी मात्र फार आहे. अर्जवाले गृहस्थ त्यातले.

या भीतीचा हात कुठवर पोचतो म्हणता? 20 जानेवारी 2009 रोजी ओबामांच्या शपथविधीत सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी 'विल फेथफुली एक्झिक्यूट' यातला फेथफुली उचलून पार वाक्याच्या टोकाला नेला. ओबामा अडखळले, आणि दुसऱ्या दिवशी शपथ पुन्हा घ्यावी लागली. खरं तर तिथे टू नव्हताच, विल होता. पण क्रियापदाच्या पोटात शब्द नको, या धास्तीकडेच भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी बोट दाखवलं.

'द इकॉनॉमिस्ट' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या लेखन-नियमावलीत तर वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं की ही बंदी निरर्थक आहे, पण ती मोडलेली पाहून इतके लोक वैतागतात की पाळलेलीच बरी. 2018 मध्ये त्यांनी ती अट काढली. तोपर्यंत तिथल्या लेखकांनी चांगली वाक्यं वाकडी करायची, कारण कुणीतरी वैतागेल. वाकडी वाक्यं वाचून जे वैतागतात, त्यांना कोण विचारतो?