नाडी ७२ नाही म्हणून गोळी बंद करू नका

‘निरोगी हृदयाचे ठोके मिनिटाला ७२. ६०च्या खाली गेले की हृदय थकलं समजा. मनगटावर अंगठा ठेवून १५ सेकंद मोजा, चारने गुणा. ७२ आले तर हार्ट अटॅक येणार नाही. ठोके जन्मतःच मोजून मिळालेले असतात, पळण्यात उधळू नका.’ फॅमिली ग्रुपवरचा हा मेसेज वाचून माझ्या मावशीने नाडी मोजली. ५६ आली. तिने मेटोप्रोलॉलची गोळी परस्पर बंद केली. मला कळलं तिसऱ्या दिवशी.

७२ ही सरासरी आहे, नियम नाही. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके साधारण ६० ते १०० असतात. रोज पळणाऱ्यांचे ४० ते ५०च्या दरम्यानही असतात. मावशीच्या गोळीचं तर कामच ठोके कमी करणं. ती एकदम सोडली की ठोके आणि बीपी उसळू शकतात, छातीत दुखू शकतं. चक्कर येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. पण गोळी आपल्या मनाने थांबवू नका.

अंगठ्याने तर मोजूच नका. अंगठ्यात स्वतःची नाडी जाणवते, दुसऱ्याची धरली तर आपलीच मोजून बसतो. पाच मिनिटं शांत बसा. तळहात वर करा, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर जी खोलगट जागा लागते तिथे दोन बोटं हलकी टेकवा. फार दाबलं तर नाडी लागत नाही. १५ सेकंदांत एक ठोका चुकला की हिशेबात चार चुकतात, म्हणून पूर्ण मिनिट मोजा.

आणि मोजताना ताल ऐका. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही, याचाच मला राग आहे. शेजारच्या काकांची नाडी मी धरली होती: दोन ठोके घाईघाईने, मग रिकामी जागा, मग एक क्षीण, मग पुन्हा तीन. आकडा ७६! मेसेजच्या हिशेबाने जवळपास उत्तम. ईसीजीत निघालं एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचा ताल बिघडून ठोके अनियमित पडणं. यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते आणि लकवा मारू शकतो. त्यातले दुबळे ठोके मनगटापर्यंत पोचतही नाहीत, त्यामुळे मोजलेला आकडाही खऱ्यापेक्षा कमी येतो.

ठोके उधळण्याचं म्हणाल तर साधा हिशेब करू. ७५च्या गतीने दिवसाचे १,०८,००० ठोके. रोज पाऊण तास झपाझप चालताना १२० धरा, आणि त्या सवयीने बाकी दिवसाची गती ६८वर आली असं समजा, तर एकूण १,००,२६०. चालून उलट वाचलेच की!

सगळ्यात घातक ओळ मात्र ‘७२ आले तर अटॅक नाही’ ही. अटॅक येतो हृदयाची रक्तवाहिनी तुंबल्याने, आणि तेव्हा नाडी जलद, मंद किंवा अगदी नेहमीसारखीही असू शकते. छातीवर दडपण, दरदरून घाम, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर मनगट चाचपत बसू नका, १०८ला फोन लावा.

मावशीने डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली आहे. काल मी मोजली तेव्हा ५८ होती, एकसारखी.