उंदराच्या मेंदूचा दाखला देऊन आंधळ्यांना दिवे विकू नका

ती जाहिरात आज पुन्हा एका ग्रुपवर आली. कपाळावर दिव्याचा पट्टा बांधा, मेंदूतली प्रकाशग्राही प्रथिनं जागी होतील, झोप सुधारेल. खाली 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय'. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली.

माझ्या मामाचे दोन्ही डोळे काढावे लागले. त्यानंतर त्याची झोप रोज थोडी थोडी पुढे सरकायची, सरकत सरकत भर दुपारी यायची. त्याला कुणीतरी असलाच पट्टा विकला. रोज सकाळी तो कपाळावर बांधून ताठ बसायचा.

प्रथिनं खरी आहेत, ते नाकारत नाही. १९९९ साली उंदराच्या मेंदूत एन्सेफॅलॉप्सिन नावाचं असं एक प्रथिन सापडलं. २०२० साली तर त्याहून भारी गोष्ट कळली: उंदराच्या हायपोथॅलॅमसमधल्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातल्या काही पेशींत ऑप्सिन-५ हे असंच प्रथिन असतं, जांभळा प्रकाश पडला की त्या पेशी थेट चेततात आणि तपकिरी चरबीतून होणारी उष्णता कमी करतात. मेंदूच्या इतक्या आत, डोळ्यांच्या मदतीशिवाय! किती सुंदर आहे हे. पक्ष्यांना तर अशाच पेशींमुळे विणीचा हंगाम कळतो.

पण उंदराची कवटी केवढी पातळ! जांभळा प्रकाश ऊतींत फार खोल जातच नाही. आणि माणसाचं झोपेचं घड्याळ प्रकाशाशी जुळतं ते डोळ्यांतूनच. १९९८ साली गुडघ्यामागे प्रकाश टाकून ते हलवल्याचा दावा गाजला होता. २००२ मध्ये काटेकोर प्रयोगात तो टिकला नाही. काही अंधांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला की मेलाटोनिन (शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक) घटतं, डोळे झाकले की घटत नाही, हेही १९९५ मध्येच दिसलंय. मामाला तर डोळेच नव्हते! विकणाऱ्याला ते समोर दिसत होतं, तरी त्याने पैसे घेतले.

उद्या माणसाच्या मेंदूतल्या या प्रथिनांचंही काही काम सापडेल कदाचित. सापडू दे, मला आनंदच होईल. तोवर हा धंदा बंद करा.

मामा पट्टा सोडताना विचारायचा, "आज चेहरा जरा ताजा वाटतोय का गं माझा?" त्याला स्वतःला आरशात बघता येत नव्हतं.

तुमच्या घरात कुणा अंध माणसाची झोप अशी सरकत असेल, तर झोपेच्या डॉक्टरांकडे न्या. ठरावीक वेळी मेलाटोनिन दिल्यावर अशा काही जणांची लय जुळते. कुणाला हवं असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, मला माहीत आहे तेवढं सांगेन.