'जॉब-रेडी' करायचं कुणी?

शिक्षणाची नोकरीशी सांगड घालायची म्हटलं की सरकार कुठलंही असो, पहिलं पाऊल ठरलेलं. समिती नेमायची, उद्योगांना विचारायचं, "तुम्हाला कशी मुलं हवीत?" आणि अभ्यासक्रम बदलून टाकायचा. शिकवायचा खर्च कुणी सोसायचा, हा विषय मात्र निघत नाही.

मशीन शॉपसाठी पोरांच्या मुलाखती मी घेतो. एकाने 'जी झिरो वन' (मशीनला सरळ रेषेत कापायला सांगणारा कोड) म्हणजे काय ते घडाघडा सांगितलं. मग पातळ नळी हातात दिली, म्हटलं बोअर मार, म्हणजे आतलं भोक कापून मापात आण. पठ्ठ्याने चक (नळी पकडून ठेवणारा तीन जबड्यांचा भाग) करकचून आवळला. मशीनवर मोजलं तर बोअर अगदी गोल! जबडे सैल केले, नळी बाहेर काढली, तर आकार तिकोनी. दाबून धरलेली नळी सुटली की मूळ आकाराला जाते, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. किती आवळायचं हे पुस्तकात सापडत नाही. शेजारी जुना कारागीर उभा असला की आठवड्याभरात हाताला कळतं.

जर्मनीने हे १९६९ च्या कायद्यात बसवलं. शिकाऊ मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, उरलेले शाळेत. भत्ता कंपनी देते. अभ्यासक्रम ठरवताना मालकांसोबत कामगार संघटनाही बसतात (आपल्या समित्यांमध्ये हे कधी पाहिलंय?). मेकॅट्रॉनिक्सचा (यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) ट्रेड १९९८ मध्ये आला तो याच वाटेने.

नुसता पैसा वसूल करूनही भागत नाही. ब्रिटनने २०१७ पासून ३० लाख पौंडांहून मोठ्या पगारबिलावर ०.५ टक्के आकारणी लावली, ती ॲप्रेंटिसशिपवर खर्च व्हावी म्हणून. नवी भरती उलट घटली. कित्येक कंपन्यांनी त्या पैशात आधीच नोकरीत असलेल्यांना मॅनेजमेंटचे कोर्स करवले. हिशेब चोख, पोरं बाहेरच.

आपल्याकडे कायदा १९६१ पासून आहे. ३० किंवा जास्त माणसं असतील तर मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक. घेतातही. पण शिकाऊ म्हणून घेतलेला पोरगा वर्षभर पॅकिंगला उभा असेल, तर त्याला प्रशिक्षण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि तो नळीवाला? त्याला घेतलं नाही. फॉर्मवर 'अनुभव नाही' हा शेरा मीच मारला.