साडेसाती, मिनिटाला 33⅓ फेरे

माझी साडेसाती एका साठ्यांपासून सुरू झाली.

लंडनच्या हॅरो भागात आम्ही राहतो. तिथल्या एका धर्मादाय दुकानात (गेलेल्या माणसांचे कोट आणि न गेलेल्या माणसांच्या व्यायामाच्या सायकली जिथे मिळतात ते) मी छत्री घ्यायला शिरलो. छत्री नव्हती, जुन्या रेकॉर्डचं खोकं होतं. त्यात 1966 सालची 'इंडो-जॅझ सूट' निघाली. सॅक्सोफोनवर जमैकाचा जो हॅरियट, व्हायोलिनवर कलकत्त्याचा जॉन मेयर. कव्हर उलटून पाहिलं तर तबला केशव साठे, तंबोरा चंद्रहास पैगणकर. परमुलखात मराठी आडनाव दिसलं की माणसाचं जे होतं ते माझंही झालं. कुठले साठे? ठाण्याला आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "पैगणकर म्हणजे पैंगीणचे असणार, काणकोणकडचे. साठ्यांचं विचारून सांगते."

दोन पौंड देऊन साठ्यांना घरी आणलं. पुढे कळलं, की 1967 साली हेच साठे 'जॅझ मीट्स इंडिया'मध्ये इरेन श्वाइत्सर या स्विस बाईंच्या त्रिकुटाबरोबर वाजवून बसलेत. म्हणून मी श्वाइत्सरबाईंकडे गेलो. त्यांच्या ओळखीने जर्मनीच्या सॅक्सोफोनवाल्या ब्रॉट्झमानकडे, तिथून जॉन स्टीव्हन्स वगैरे मंडळी 1966पासून लंडनच्या लिटल थिएटर क्लबात जे काही वाजवत होती त्याच्याकडे. त्याचं नाव फ्री जॅझ. तालाला बांधलेलं नाही, सुराला बांधलेलं नाही, चौघे एकाच वेळी बोलतायत. मी साठ्यांचं बोट धरून निघालो होतो, ते मधेच कुठेतरी सुटलं.

आईला एकदा फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "भांडतायत का रे?"

"नाही गं, एकमेकांचं ऐकतायत."

"आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पण असंच ऐकतात."

या संगीताची गोम अशी, की त्या काळी ते कुणाला नको होतं म्हणून रेकॉर्डी मोजक्याच निघाल्या, आणि मोजक्याच निघाल्या म्हणून आता त्या सगळ्यांना हव्यात. ब्रॉट्झमानने 1968मध्ये 'मशीन गन' स्वतःच काढली तेव्हा प्रती होत्या 300. अमेरिकेत सन रा नावाचा पियानोवादक आपण शनी ग्रहावरून आलो असं सांगायचा. त्याच्या कंपनीचं नावही सॅटर्न. कव्हरं बरेचदा हाताने रंगवलेली आणि विक्री कार्यक्रमाच्या जागीच. हे मी कौतुकाने आईला सांगितलं. ती म्हणाली, "शनी स्वतःच्या तोंडाने सांगतोय मी शनी आहे म्हणून, तरी तू यात पैसे घालतोस?"

मी आणि माझा मिरजेचा एक मित्र. मी दिवसा विमा कंपनीत एक्सेलच्या चौकटी भरतो, तो ध्वनिमुद्रणाचं काम करतो. दोघांनी मिळून 1969ची एक ब्रिटिश रेकॉर्ड पुन्हा काढायचं ठरवलं. नाव मुद्दाम सांगत नाही. हक्कदारांचा वकील मराठी वाचत नसला तरी भाषांतराची यंत्रं हल्ली फुकट मिळतात. प्रती 300 काढायच्या. बायकोला म्हटलं, "ब्रॉट्झमाननेही तीनशेच काढल्या होत्या."

"त्याच्या घरी माळा होता का?" तिने विचारलं. हा प्रश्न किती दूरदृष्टीचा होता ते पुढे येईलच.

जानेवारी 2020मध्ये आम्ही नारळ फोडला. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावात एक कारखाना जळाला. रेकॉर्डचा साचा करायला लॅकर चढवलेली ॲल्युमिनियमची चकती लागते, आणि ती बनवणारे कारखाने जगात होते दोन. एक जपानात, दुसरा हा. मार्चमध्ये काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. आई शनिवारी तेल वाहायला लागली ती तेव्हापासून. मग घरात अडकलेल्या जगाला एकाएकी रेकॉर्डींचा पुळका आला, कारखान्यांत मोठमोठ्या गायिकांच्या लाखालाखाच्या ऑर्डरी लागल्या, आणि आमच्या तीनशेला सगळीकडून एकच उत्तर यायला लागलं: बघू.

तोवर हक्कांचं बघावं म्हटलं. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाचा हक्क 50 वर्षं चालायचा. 2013मध्ये तो 70 केला. म्हणजे जुन्या हिशोबाने, आम्ही नारळ फोडला त्याच महिन्यात ही रेकॉर्ड मोकळी झाली असती. नव्या हिशोबाने 2039 संपेपर्यंत थांबायचं. मूळ कंपनी कधीच बुडाली होती, तिला दुसरीने घेतलं होतं, दुसरीला तिसरीने गिळलं होतं. गावाकडची जमीन ज्यांनी वारसांच्या नावावर करून घेतली आहे त्यांना जास्त सांगायला नको. सातबाऱ्यावर नाव आजोबांचं, वहिवाट चुलत्यांची आणि विहीर भलत्याचीच. मोठ्या कंपनीने आधी कळवलं, की अशी रेकॉर्ड आमच्याकडे नाहीच. मी चार महिने कागद गोळा करून ती त्यांचीच आहे हे त्यांना सिद्ध करून दिलं. सिद्ध झाल्याबरोबर त्यांनी तिचा भाव सांगितला.

वादक चार. सॅक्सोफोनवाले आणि बेसवाले गेले. पियानोवाल्यांनी, पुन्हा या विषयावर फोन करायचा नाही या अटीवर सही दिली. राहिले ड्रमवाले. वय 84, मुक्काम केंटच्या किनाऱ्यावर. त्यांना मी मनातल्या मनात आजोबाच म्हणतो. पैशांबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं एकच, की 1969च्या कव्हरवर त्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, तेवढं सुधारा.

आजोबांच्या माळ्यावर एक टेप निघाली. मूळ नव्हे, सत्तरच्या दशकाच्या शेवटी काढलेली प्रत, तीही पहिल्या बाजूचीच. त्या काळातल्या काही टेपांना ओल धरते. फितीवरचा थर चिकट होतो आणि तशीच लावली तर थर यंत्राला आणि नुसती फीत हातात. त्यावर उपाय म्हणजे मंद आचेवर भाजणे. गंमत नाही, साधारण 54 अंशांवर आठ तास. मिरजकर म्हणाला, "भाज्या सुकवायचं यंत्र चालतं. मधे एकदा उलटायची. पापडासारखंच."

यंत्र आमच्याकडे होतं. लंडनला ऊन नाही म्हणून बायकोने सांडगी मिरच्यांसाठी घेतलेलं.

"आणि माझ्या मिरच्या?"

"1969पासून लोक वाट बघतायत."

"कोण लोक?"

या प्रश्नाचं उत्तर मी आजही शोधतोय. टेप सुरेख वाजली. तिच्या डब्याला मात्र मेथी-हिंगाचा वास अजून येतो.

दुसऱ्या बाजूसाठी 240 पौंड मोजून मूळ रेकॉर्ड मिळवली, आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली. जुन्या रेकॉर्डवर ओरखडे असतात, सुई कटकट करते. ती कटकट काढणारं सॉफ्टवेअर मिळतं. आता आमचे आजोबा तरुणपणी ड्रम असे फारसे वाजवायचेच नाहीत. काडेपेटी, बशा, सायकलच्या चाकाच्या तारा, विणायच्या सुया, जे हाताला लागेल ते वाजवायचे. सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालवलं तेव्हा सगळे ओरखडे गेले आणि त्यांच्याबरोबर आजोबाही गेले. चौघांच्या बैठकीत तिघेच उरले. मिरजकर खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "पण काय स्वच्छ झालंय!"

मग हाताने करायचं ठरलं. 22 मिनिटांची बाजू, तीन आठवडे, रात्री मुलगी झोपल्यावर. पडद्यावर आवाजाची रेघ मोठी करायची, एकेक टोक बघायचं आणि वहीत तीन रकाने भरायचे: ओरखडा, आजोबा, देव जाणे. सुरुवातीला मी दिसेल ते 'ओरखडा'त टाकत होतो. आठवड्याभरात कान तयार झाले. ओरखडा कोरडा असतो, त्याला मागे खोली नसते. आजोबांच्या काडीमागे खोली ऐकू येते, तिचं छत, तिचा लाकडी तक्तपोस. एके रात्री अडीच वाजता मी एका खटक्याला "हे आजोबाच!" असं मोठ्याने म्हणालो आणि बायको दचकून उठली, कारण तिचे आजोबा नुकतेच वारले होते.

शेवटी 'देव जाणे'मध्ये 41 जागा उरल्या. वही घेऊन केंटला गेलो. आजोबांनी चहा ठेवला, बिस्किटं काढली, कानयंत्र लावलं आणि निवाडे द्यायला बसले. "मी... मी नाही... मी... हे दार आहे, कुणीतरी उशिरा आलं होतं." 7 मिनिटं 12 सेकंदांवरचा खटका त्यांनी चार वेळा ऐकला.

"हा मी नाही," ते म्हणाले. मी पेन्सिल टेकवली. "पण मी असायला हवा होतो. राहू द्या."

राहू दिला.

साचा कापणाऱ्या गृहस्थांचं वेगळंच. आवाज जितका मोठा तितका खाचेला रस्ता रुंद लागतो, आणि बाजू जितकी लांब तितका रस्ता अरुंद करावा लागतो. त्यांनी विचारलं, "यात शांत भाग कुठे आहे? तिथे जरा जागा वाचवतो." मी म्हटलं, "चौदाव्या मिनिटाला. चार सेकंद. सॅक्सोफोनवाले वाद्याच्या तोंडाची पत्ती बदलत होते."

छपाईआधी कारखाना नमुन्याच्या पाच प्रती पाठवतो. आमच्या प्रतींबरोबर तपासनिसाची ईमेल आली. दुसरी बाजू, नववं मिनिट, आवाज फाटतोय. मी कळवलं, तो सॅक्सोफोन आहे. चौदाव्या मिनिटाला आवाज गेलाय. ती पत्ती आहे. शेवटची दोन मिनिटं सुई घसरतेय. त्या विणायच्या सुया आहेत. त्यानंतर त्या भल्या माणसाने लिहिणंच सोडलं. त्याने आम्हाला सोडून दिलं असं आम्ही समजलो आणि पाचही नमुने डोळे मिटून, माना डोलावत ऐकले. पहिल्या बाजूला बेस किंचित हेलकावत होता. मी म्हटलं, "काय मींड घेतोय बघ." मिरजकरही वाहवा म्हणाला. मिरजेचा माणूस, तंबोऱ्यांच्या गावचा.

एक नमुना केंटला गेला होता. दुसऱ्या दिवशी आजोबांचा फोन. "आमचा बेसवाला दारू प्यायचा, पण बेसूर कधीच नव्हता."

मिरजकरने घड्याळ लावलं. हेलकावा दर 1.8 सेकंदांनी येत होता. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड एक फेरा बरोबर 1.8 सेकंदांत पुरा करते. मधलं भोक मध्यावर नव्हतं. खरं तर तिथेच ओळखायला हवं होतं. फ्री जॅझवाला इतका नियमित कधी वागत नाही. आता कारखान्याला लिहायचं कुठल्या तोंडाने? फाटलेला आवाज बरोबर, गेलेला आवाज बरोबर, घसरणारी सुई बरोबर, आणि जो आवाज तुम्हाला गोड वाटला तोच तेवढा चूक! पण लिहिलं. त्यांनी बिचाऱ्यांनी निमूटपणे नवे नमुने पाठवले.

माल आला तो पावसात. ब्रेक्झिटनंतर युरोपातून येणाऱ्या वस्तूला जकातीचे कागद आणि 20 टक्के कर. तो भरला. ड्रायव्हरने फळीवर रचलेली बारा खोकी फुटपाथवर उतरवली आणि 'दारापर्यंत' हा शब्द पावतीवर कुठे आहे ते दाखवायला सांगितलं. जवळपास 90 किलो. शेजारचे गुजराती काका धावत आले. खोकी आत नेता नेता त्यांनी हिशोब विचारला. एकूण खर्च 3,900 पौंड, म्हणजे नग 13ला पडला. वितरक घेतो 12ला.

काका जिन्यात थांबले. "तेरह का माल बारह में?"

"हां काका."

"फिर तो भाई, जितना कम बिके उतना फायदा!" असं म्हणून त्यांनी अत्यंत समाधानाने पुढचं खोकं उचललं.

पहिली प्रत उघडली. आजोबांचं नाव मागे बरोबर, आतल्या लेबलवर बरोबर, आणि कव्हरच्या कडेवर 1969 सालचंच. ती कड मी जुन्या कव्हरवरून जशीच्या तशी उचलली होती. दोष कुणाला देणार? घाबरत फोन केला. ते बराच वेळ हसले. "चुकीच्या नावाने मला पन्नास वर्षं पैसे आले नाहीत," ते म्हणाले. "आता बरोबर नावाने येणार नाहीत. प्रगती आहे."

दीड वर्षात 141 गेल्या. 159 उरल्या, म्हणजे सहा भरलेली खोकी आणि एक उघडलेलं. माळा आम्हाला नाही, हे बायकोने आधीच सुचवून ठेवलं होतं. गेल्या गणपतीत तिने ती सहा खोकी दिवाणखान्यात तीन-दोन-एक अशी रचली, वर लाल साटीन अंथरलं, आणि अशा भक्कम पायऱ्या झाल्या की आलेला प्रत्येक जण विचारत होता, कुठून आणल्या? सातवं, उघडलेलं खोकं मखराला मागून टेकू. आईने व्हिडिओ कॉलवर दर्शन घेतलं आणि म्हणाली, "हां, आता शनीचं काही चालायचं नाही."

संध्याकाळची आरती चालू असताना खिशात फोन थरथरला. ओसाकाच्या एका गृहस्थांची ऑर्डर होती, एक प्रत, आजच पाठवता आली तर बरं. मी मखराकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि टाळ्या न थांबवता मान नकारार्थी हलवली. काकांनी तर डोळ्यांनीच सांगितलं, की जाऊ दे, एक पौंड वाचेल.

प्रसाद वाटून झाल्यावर त्या गृहस्थांना लिहिलं, की आपली प्रत सध्या देवाच्या पाठीशी टेकू म्हणून उभी आहे. देव आमच्याकडे दीड दिवसाचे आहेत, उद्या दुपारी निघतील. ते निघाले की पोस्टात टाकतो.