प्लेटमधला रस आणि गाईचं पोट
एका लेखात म्हटलंय शेवगा, सुबाभळीच्या पाल्याच्या अर्काने बॅक्टेरिया मरतात म्हणून जनावरांची अँटिबायोटिक्स बंद करता येतील, पण जरा थांबा राव, प्रयोगशाळेत जंतू वाढवतात त्या प्लेटमध्ये अर्काच्या थेंबाभोवती जंतू न वाढलेलं गोल रिंगण दिसतं ते खरं, पण तो अल्कोहोलमध्ये काढलेला घट्ट अर्क असतो, गाय खाते तो अख्खा पाला, आणि तिच्या कोठीपोटात (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) चारा पचवणारे जंतूच तर तिचं पोट चालवतात, तेही मेले तर? पाल्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, जास्त झालं की प्रथिनं नीट पचत नाहीत, सुबाभळीत वर मिमोसिन हे विषारी द्रव्य, सवय नसलेल्या जनावराचे केस गळतात. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी खाद्यातली अँटिबायोटिक्स बंद केली त्यामुळे असे पर्याय शोधायलाच हवेत, फक्त आजारी जनावराला पाला घालून बसू नका, डॉक्टर बोलवा.