‘मोबाईलवर लकवा कळतो होय?’

सोलापूर-अक्कलकोट-पंढरपूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: “लकव्याचा पेशंट व्हिडिओवर दाखवत बसू नका. हात लावल्याशिवाय निदान होत नाही, वेळ जातो. थेट पुणं गाठा.”

आधी पुण्याचं. सोलापूरहून पुणं अडीचशे किलोमीटर, म्हणजे चार-साडेचार तास. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची मुदतही साडेचार तासच, तीही त्रास सुरू झाल्यापासून. पुढचं गणित सांगायला नको.

‘हात लावल्याशिवाय’? जवळच्या हॉस्पिटलातून व्हिडिओ कॉल लावला की पलीकडचा न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूविकारतज्ज्ञ) बघतो काय, तर हात १० सेकंद उचलून धरता येतो का, पाय ५ सेकंद राहतो का, नजर एकीकडे ओढलीय का, महिना नि वय सांगता येतं का. सगळं दिसणारं, ऐकू येणारं. हात लावायला खाटेजवळ डॉक्टर असतोच.

घोटाळा होतो तो दुसरीकडे. सीटीची (मेंदूच्या स्कॅनची) फिल्म खिडकीला धरून काढलेल्या फोटोत बारीक रक्तस्राव निसटतो; मूळ फाइल पाठवावी, नाहीतर मॉनिटरवर एकेक काप सरकवत दाखवावा. नातेवाईक म्हणतात, “आठला उठले तेव्हा तोंड वाकडं होतं.” मग आठ धरायचे नाहीत, रात्री झोपताना ठीक होते ती वेळ धरायची. आणि वजन! अल्टेप्लेज, म्हणजे तेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, किलोमागे ०.९ मिग्रॅ, कमाल ९०. ६० किलोच्या माणसाला ५४: त्यातलं ५.४ एका मिनिटात, उरलेलं ४८.६ तासाभरात. अंदाजानं ७५ किलो धरले की साडेतेरा मिग्रॅ जास्त गेलं. या औषधानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, तिथे असली चूक परवडत नाही. बीपी १८५/११० च्या खाली आणल्याशिवाय सुई नाही. साखर आधी तपासायची, कारण साखर उतरल्यावरही हात लुळा पडतो.

‘वेळ जातो’ हे कॉल उशिरा लावला तर खरं. पेशंट सीटीकडे नेतानाच लावावा. मोठी रक्तवाहिनी बंद असली, तरी इंजेक्शन सुरू करून गुठळी ओढून काढायची सोय असेल तिथे हलवता येतं.

मेसेजचं एक बरोबर आहे: जिथे सीटीच नाही, त्या दवाखान्यात व्हिडिओसाठी थांबू नये. १०८ ला फोन करून सीटी असलेलं जवळचं हॉस्पिटल गाठावं. वाटेत पाणी नाही, ॲस्पिरिन नाही. चिठ्ठीवर शेवटचं नीट बोलल्याची वेळ लिहावी, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकावीत. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती सगळ्यात वर.