‘ऑटिस्टिक माणसं चूक मान्यच करत नाहीत’: खुलासा

‘ऑटिझम असलेल्यांना अहंकार असतो, ते चूक कबूल करत नाहीत, “माहीत नाही” म्हणत नाहीत’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ (२०१३) या मानसिक विकारांच्या पुस्तिकेतल्या निकषांत असं काही नाही. तिथे सामाजिक संवादातल्या अडचणी आहेत, आणि ठरावीक, पुनरावर्ती वर्तन, ज्यात आवाज-स्पर्शाची वेगळी संवेदनाही येते.

मग नकार कुठून दिसतो? बरेचदा प्रश्नातच खोट असते. ‘तुला काही वाटतं का?’ हा टोमणा शब्दशः घेतला, तर उत्तर ‘हो, भूक वाटते’ असं येतं. घरचे त्याला उर्मटपणा समजतात. त्याऐवजी ‘पाणी सांडलं. फडक्याने पूस,’ एवढंच म्हणा आणि दहा सेकंद गप्प बसा. मध्येच तेच पुन्हा म्हटलं, की त्यांना विचार पहिल्यापासून सुरू करावा लागू शकतो. रडारड, आरडाओरडा चालू असताना तर विचारूच नका.

काही मुलांना ‘माहीत नाही’ मुद्दाम शिकवावं लागतं. एरवी ती प्रश्नच परत म्हणतात. चार ओळखीच्या चित्रांत एक अनोळखी मिसळा, त्यावर ‘माहीत नाही’ म्हणून दाखवा, मुलाने तसं म्हटलं की लगेच चित्राचं नाव सांगा. अनोळखी चित्रं जास्त झाली, तर मूल सगळ्यालाच ‘माहीत नाही’ म्हणू लागतं. बोलत नसेल, तर त्याच शब्दांचं कार्ड चालतं.

हट्टी ऑटिस्टिक माणसंही असतात, बाकीच्यांत असतात तशीच.